साहेबांच्या वडिलांची जागा

बारामतीच्या मंडईत आमच्या तात्यांची एक जागा होती. गाळा नाही, ओटाही नाही. मागच्या दारालगत, नळाच्या बाजूला, एक पोतं पसरलं की संपेल एवढी जमीन. रोजची पावती फाडायची आणि बसायचं. नाव कुठंच नोंदलेलं नव्हतं. पण त्या जागेवर तात्यांशिवाय दुसरं कुणी बसलेलं मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. तात्यांना ताप आला, कुणाचं लग्न निघालं, तर शेजारी बसणाऱ्या कलाबाई तिथं आपलं रिकामं क्रेट उपडं घालून ठेवायच्या. उपडं क्रेट दिसलं की नवखा माणूससुद्धा न विचारता पुढं सरकायचा. मंडईतला हा कायदा कुणी कुणाला शिकवला नव्हता, आणि तो मोडल्यावरून भांडण झाल्याचंही मला आठवत नाही.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यातली, कालव्याच्या कडेची. आजूबाजूला सगळा ऊस, आमचं तेवढं माळवं. ऊस लावला की माणूस वर्षभर कारखान्याच्या तोंडाकडं बघत बसतो, भाजीपाल्याचं तसं नाही, आज तोडली की उद्या हातात पैसा, असं तात्यांचं म्हणणं. दुपार कलली की आई आणि मी वाफ्यात उतरायचो. उपटायचं, माती झटकायची, जुडी बांधायची, पाटाच्या पाण्यात बुचकळून काढायची. आईच्या बांगड्यांचा आवाज, पाण्याची छपछप आणि लांब कुणाच्या तरी मोटरीची घरघर, एवढंच ऐकू यायचं. बोलायला आईला फार आवडायचं, पण जुड्या बांधताना तिच्या तोंडात सुतळी असायची, म्हणून तेवढा वेळ घरात शांतता. पहाटे टेम्पोचा हॉर्न वाजला की तात्या चहा बशीत ओतून उभ्या उभ्याच प्यायचे. आई फडक्यात बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा आणि एक कांदा बांधून द्यायची. तात्या दुपारी परतले की त्या फडक्याला कोथिंबिरीचा वास यायचा. माझं सगळं लहानपण त्या वासाचं आहे. दहावीपर्यंत माझ्या दप्तरालासुद्धा तो वास होता आणि वर्गातल्या पोरी नाक मुरडायच्या. मुरडू देत.

सुट्टीत मी तात्यांबरोबर मंडईत जायचे. पोत्यावर बसले की तात्या वेगळेच माणूस व्हायचे. घरी चार वाक्यं न बोलणारा हा बाबा तिथं गिऱ्हाइकाशी असा काही बोलायचा की ऐकत राहावं. "मावशी, मोडून बघा. आत्ता पाटातनं वर आलीया. सासूला आवडली न्हाय तर परत आणा, सासूसकट आणा." बायका हसायच्या आणि एकाऐवजी दोन जुड्या घेऊन जायच्या. घासाघीस केलेली त्यांना मुळीच खपायची नाही. एकदा एका बाईनं फार ताणलं तर म्हणाले, "घ्या फुकट. पण पैशे कमी करू नगा, माझ्या भाजीला वाईट वाटतं." कलाबाई मिरच्या-लिंबं विकायच्या. त्या कपाळाला हात लावून म्हणायच्या, "तात्या, तुमी तमाशात जायला पायजे हुता."

माझी फी त्या पोत्यावरून गेली. हे मी अभिमानानं सांगते, कुणाला ते रडगाणं वाटलं तर वाटू दे. बी.ए.ला भूगोल होता. पुढं काय, असा प्रश्न आला तेव्हा कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मी अर्बन स्टडीज हे नाव वाचलं. शहरांचा अभ्यास! शहर कसं वाढतं, पाणी कुठून येतं, कचरा कुठं जातो, रस्त्यावर बसून विकणाऱ्याचा शहरावर काय हक्क. मला ते भलतंच भारी वाटलं. तात्यांना घेऊन मी पुण्याला गेले. प्रवेश देणाऱ्या मॅडमना तात्यांनी एकच विचारलं, "नोकरी लागंल ना?" मॅडम हसून म्हणाल्या, "शहरं वाढतायत काका. माणसं लागणारच." येताना एस.टी.त तात्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बाईचं खरं हाय. बारामतीच बघ की कशी फुगली. हे सगळं कुणीतरी बगायला पायजे." आणि मग वस्तीवर ज्याला त्याला सांगत सुटले, "गावं कशी बसवायची त्याचं शिकतीया आमची शुभा." गावं वसवायचं काम देवाचं किंवा राजाचं, त्यामुळं ऐकणारा गप्पच व्हायचा.

डिग्री मिळाली, चांगल्या मार्कांनी मिळाली. त्यानंतर जे झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. नगररचनेच्या जागा निघायच्या त्या इंजिनिअर आणि आर्किटेक्टसाठी. जाहिरातीत खाली "किंवा समकक्ष" असं लिहिलेलं असायचं. आमची डिग्री कुणाचीच समकक्ष नव्हती. पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखतीला गेले तर समोरचा मुलगा, माझ्याच वयाचा असेल, म्हणाला, "म्हणजे तुम्हाला नकाशा काढता येतो?" म्हटलं, वाचता येतो. "मग चर्चा करता येते तुम्हाला," असं म्हणाला आणि स्वतःच हसला. आमच्या वर्गातल्या एकीनं बँकेच्या परीक्षा दिल्या, एकानं वडिलांचं हार्डवेअरचं दुकान धरलं, एक जण परदेशात गेला. पण त्याच्या घरी जायला पैसे होते, डिग्रीनं त्याला नेलं नाही. मी घरी येऊन जुड्या बांधायला बसले. आई तोंडातली सुतळी काढून म्हणाली, "शहर शिकलीस ते बरं झालं. जुडी आता चौकोनी बांध." मला इतका राग आला होता की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

आणि मग इंदापूरच्या बाजूला एका नगरपरिषदेत काम मिळालं. पदाचं नाव शहर समन्वयक. स्वच्छतेच्या मोहिमेतलं कंत्राटी काम, अकरा महिन्यांचा करार, पगार मधल्या एका एजन्सीकडून. सार्वजनिक संडासांचे फोटो काढून ॲपवर चढवायचे, शाळांत जाऊन पोरांना ओला कचरा सुका कचरा शिकवायचा, भिंती रंगवून घ्यायच्या. मला कामाची लाज नव्हती, आजही नाही. पण ही बातमी पोपटमामाला कळली.

पोपटमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गावात कुणी फौजदार झालं, कुणाची सोसायटीवर निवड झाली, कुणाचा बैल शर्यतीत आला, की पहिला फ्लेक्स मामाचा. भाचीची नोकरी लागल्यावर तो कसा गप्प बसेल? तो फ्लेक्सच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, समन्वयक म्हणजे काय ते लोकांना कळत नाही, नगरपरिषदेत आहे ना, मग मुख्याधिकारी टाकू. टाकलं. सकाळी मी एस.टी.ला निघाले तर फाट्यावर माझंच तोंड, माणसापेक्षा मोठं, गालाला गुलाबी रंग फासलेलं. मुख्याधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पाळण्यातल्या पोरांचेसुद्धा फोटो.

"मामा, काढ आधी ते!" मी ओरडले. "मी मुख्याधिकारी न्हाय. मी कंत्राटी हाय."

"होशील की गं! म्होरं-मागं व्हायचंच हाय न्हवं?" मामा म्हणाला. "सारखं सारखं फ्लेक्स कोण छापतं? एकदाच छापला."

त्या रविवारी सत्कार झाला. हलगी, गुलाल, जेसीबीच्या बकेटमधून फुलं. मी प्रत्येकाला सांगत होते की बाबांनो, मी साहेब नाही, आणि प्रत्येक जण म्हणत होता, "बगा, मोठ्ठी झाली तरी किती साधी ऱ्हायली पोरगी!" आता या लोकांना काय करायचं? शाल, श्रीफळ, भाषणं. सरपंचांनी तात्यांना पुढं बोलावून फेटा बांधला आणि माइकवर म्हणाले, "साहेबांच्या वडिलांनी आता आराम करावा, ही गावाच्या वतीनं विनंती." टाळ्या पडल्या. तात्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघत होते, आणि त्या क्षणी मलासुद्धा खरंखोटं करण्याची ताकद राहिली नाही.

तात्यांनी ती विनंती मनावर घेतली. सोमवारी टेम्पोचा हॉर्न वाजला, क्रेट चढले, तात्या चढले नाहीत. माल आडत्याकडं पाठवा, म्हणाले. आईला आधी गंमत वाटली, मग आठवडा झाल्यावर ती चिडली.

"अवो, आडत्या काय भाव देतोय ते बगितलं का? निम्म्यात चाललाय माल."

"चालू दे. पोरगी हापिसर, आन् बाप पोत्यावर? लोक श्यान घालतील तोंडात."

"पोरीचा पगार किती हाय ते तरी इचारलं का?"

"पगाराचं काय घिऊन बसलीस? पद बग."

पगार त्यांना ठाऊक होता. मीच सांगितला होता, मुद्दाम, आकड्यासकट. एजन्सी आपला वाटा कापून उरलेलं द्यायची, तेही दोन-दोन महिने उशिरा. मंडईतल्या बऱ्या हंगामात तात्या त्याहून जास्त घरी आणायचे. कारखान्याच्या सीझनला ट्रॅक्टर चालवणारा शेजारचा गणपासुद्धा आणायचा. हिशेबात तात्या पक्के होते, त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना कळत होतं आणि तरीही ते पांढरे इस्त्रीचे कपडे घालून फाट्यावरच्या हॉटेलात बसायचे, आणि कुणी "या साहेबांचे वडील" म्हटलं की हळूच सावरून बसायचे. मी याचा पुष्कळ विचार केलाय. डिग्रीची किंमत किती, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, मला जे मिळालं ते मोजता येण्यासारखं नव्हतंच. तात्यांना मात्र वर्षभर एक खुर्ची मिळाली, आणि त्यांनी तिच्यासाठी आपलं सगळं दिलं.

दोन-तीन महिन्यांनी टेम्पोवाल्याबरोबर कलाबाईंचा निरोप आला. "तात्यांना इचार, क्रेट किती दिस उपडं ठिवू? लोक बोलाय लागल्यात. येणार नसतील तर सूनबाईला बसवती." तात्या म्हणाले, "बसवा म्हणावं. खुशाल बसवा." आई चुलीपुढं होती. तिनं भाकरी परतायची थांबवली, ती भाकरी करपली.

मी मात्र बोलले. कारण त्याच सुमारास आमच्या नगरपरिषदेत रस्त्यावर विकणाऱ्यांचा सर्व्हे मी स्वतः करत होते. पाहणीच्या दिवशी जो माणूस ज्या जागेवर बसलेला दिसेल, त्याचा तिथं फोटो, आधार, अंगठा, आणि मग ओळखपत्र. पुढं ती जागा त्याची. बारामतीलाही हे लवकरच होणार हे मला कळलं होतं. शिकलेल्याचा घरच्यांना उपयोग व्हावा असा तो एकच प्रसंग माझ्या आयुष्यात आला. संध्याकाळी पिठलं-भाकरी खाताना मी विषय काढला.

"तात्या, पुढच्या आठवड्यात मंडईत सर्व्हे हाय. तेवढे चार दिवस जाऊन बसा. कलाबाई सूनबाईला उठवतील, तुमच्यासाठी न्हाय म्हणायच्या न्हाईत. एकदा फोटो झाला की जागा कायमची तुमची. मग नाही बसलात तरी चालंल."

"कोण येणार सर्वेला?"

"माझ्यासारखीच पोरं. बारामतीची."

"म्हंजे तुला वळखणारी?"

"असतील एक-दोन."

तात्यांनी ताट पुढं सरकवलं. "आन् त्यांनी तुझ्या बापाचा पोत्यावरचा फोटू काडायचा? न्हाय जमणार शुभे."

"अहो पण मला त्याची लाज न्हाय!" मी जवळजवळ किंचाळलेच. "मी शिकले तेच हे! माणसाची जागा जाऊ नये म्हणून काय करायचं तेच मला शिकवलंय, दुसरं काही येतच न्हाय मला. आणि तात्या, माझा करार अकरा महिन्यांचा हाय. संपला तर?"

"संपतोय कशाला? सरकार हाय ते." आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "लई वर्सं बसलो पोरी त्या नळापाशी. चिखलात बसलो. आता एकदा उठलोय. आता पुन्यांदा बशीव म्हणू नगंस."

आई खरकटं काढायला उठली. सर्व्हे झाला. कलाबाईंच्या सुनेला त्या जागेवरचं ओळखपत्र मिळालं. तिचा काही दोष नव्हता. ती रोज वेळेवर येऊन बसत होती.

माझ्या कराराचं पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. एजन्सीच्या पोराचा फोन आला, "मॅडम, उद्यापासून येऊ नका, फंड आला की कळवतो." फंड आला असेल, नसेल, मला कुणी कळवलं नाही. मी पुण्याला चकरा मारल्या, ओळखीच्या मॅडमना भेटले. त्या फार चांगल्या होत्या, चहा पाजला, पीएच.डी. कर म्हणाल्या. घरी आडत्याचे पैसे आणि खताच्या दुकानाची उधारी, दोन्हींचा मेळ बसेना. आई एकदा म्हणाली, "आता तरी जावा की मंडईत." तात्या हॉटेलात जायचे बंद झाले होते. गोठ्याच्या सावलीत बाज टाकून पडून असायचे, दाढी वाढलेली.

आज माझं वालचंदनगरच्या रस्त्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, कॉलेजचे प्रवेश. गेल्या वर्षी एक चुणचुणीत मुलगी आली आणि म्हणाली, "ताई, अर्बन स्टडीजला घेऊ का? मला लई आवडतंय ते." मी चष्मा काढला, पुसला. घेऊ नको म्हणायला माझी जीभ रेटेना; इतकं सुंदर मी नंतर कधी काही शिकले नाही. घे असंही म्हणवेना. शेवटी म्हटलं, "घे. पण फ्लेक्स लावू देऊ नकोस." ती हसली. तिला तो विनोद वाटला.

एक दिवस तात्या आपण होऊन उठले. दाढी केली, जुना सदरा घातला, इस्त्रीचा नाही, मंडईतला. म्हणाले, "बारामतीला जाऊन येतो." मला तिकडं काम होतंच, मी बरोबर निघाले. मंडईच्या मागच्या दारातून आत शिरलो तर तोच ओलावा, तोच गलका. नळापाशी कलाबाईंची सून बसली होती. मागं भिंतीवर नगरपरिषदेनं नंबराची पट्टी ठोकलेली. पोतं जाऊन तिथं आता निळं प्लॅस्टिक आलं होतं, आणि भाजी तिनं छान मांडली होती, तात्या मांडायचे तशी, देठं आत आणि पानं बाहेर.

कलाबाई आम्हाला बघून धडपडत उठल्या. "तात्या! या या. अगं ऊठ की, तात्या आल्यात, जागा दे." सून अर्धवट उठली. तिच्या मांडीवर लहान पोर होतं. तिनं एका हातानं पोर आणि एका हातानं भाजी आवरायला घेतली. गळ्यातलं ओळखपत्र पुढं लोंबत होतं. ते तात्यांनी पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही.

मला वाटलं, आता म्हणतील. आता म्हणतील, कलाबाई, मला माझी जागा पायजे. त्यांचा ओठ हललाही. कलाबाईंनी दिली असती, देवाशपथ दिली असती.

"बस गं पोरी, बस," तात्या म्हणाले. "मी भाजी न्यायला आलोय. मेथी कशी दिली?"

कलाबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "तात्या, तुमी मेथी इकत घेताय?"

"का? घरी पावणं हायती. द्या दोन जुड्या."

सुनेनं भाव सांगितला. तात्यांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही. कलाबाई पैसे घेईनात, तर त्यांनी ते निळ्या प्लॅस्टिकवर ठेवले आणि वळले. पिशवी नव्हती. येताना एस.टी.भर दोन जुड्या मांडीवर धरून बसले होते, पाणी झिरपून धोतराला डाग पडला. आमच्या घरात त्या दिवसापर्यंत पालेभाजी विकत आलेली नव्हती. आईनं जुड्या हातात घेतल्या, सुतळीची गाठ बघितली. मेथी निवडली, लसणाची फोडणी दिली, आणि आम्ही तिघांनी खाली मान घालून खाल्ली. आमच्या वाफ्यातली मेथी तेव्हा काढणीला आली होती.